पोवाड्यापलीकडचे युद्ध



शाळेच्या वाचनालयात यंदा युद्धसाहित्याचा एक लहानसा कप्पा सुरू करण्याचा विचार आहे. पुस्तकांची यादी विश्वस्त मंडळापुढे ठेवली तेव्हा दोन शंका पुढे आल्या आणि दोन्ही विचार करण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, रक्तपात, मृत्यू आणि यातनांनी भरलेली पुस्तके कोवळ्या मुलांच्या हाती द्यावीत काय? दुसरी शंका अधिक गंभीर आहे. आपल्या शाळेतली काही मुले सैन्यात जाण्याची तयारी करीत आहेत, काहींचे वडील सीमेवर आहेत. युद्धाचे भीषण रूप दाखविणाऱ्या साहित्यामुळे सैन्याबद्दलचा आदर कमी होणार नाही काय?

'होय' किंवा 'नाही' असे एका शब्दात उत्तर देण्यापेक्षा हे साहित्य नेमके काय दाखविते आणि कसे दाखविते, हे आधी समजून घेणे बरे. त्यासाठी हा लेखप्रपंच.

पोवाडा काय सांगतो आणि काय सांगत नाही

युद्धाची पहिली ओळख आपल्याला पोवाड्यातून, सिनेमातून आणि इतिहासाच्या पुस्तकातून होते. इतिहासाचे पुस्तक सन, सेनापती आणि निकाल सांगते. सिनेमा गाणे आणि आवेश देतो. पोवाड्याचे काम शौर्याची आठवण जागती ठेवण्याचे आहे. ते काम त्याने शेकडो वर्षे चोख केले आणि त्याबद्दल त्याला मुजराच केला पाहिजे. पण पोवाडा ऐकणाऱ्यांसाठी असतो, आणि जो रणात पडला तो ऐकायला उरलेला नसतो.

१४ जानेवारी १७६१ चे पानिपत घ्या. शिंद्यांच्या घराण्यामुळे आपल्या ग्वाल्हेरचे त्या दिवसाशी रक्ताचे नाते आहे. दत्ताजी शिंदे त्याच्या एक वर्ष आधी, जानेवारी १७६० मध्ये दिल्लीजवळ बुराडी घाटावर पडले. पानिपतानंतर जनकोजी मारले गेले. महादजी पायाला झालेल्या जखमेने जन्मभर लंगडत राहिले. त्यांचा जीव राणेखान नावाच्या एका भिश्त्याने वाचविला असे सांगतात. पण लढाईच्या आधीच्या आठवड्यांत छावणीची रसद तुटली होती, माणसे आणि जनावरे उपाशी होती, आणि त्या सकाळी सैन्य रिकाम्या पोटी रणात उतरले होते, हे किती जणांना ठाऊक असते? भूक हीसुद्धा युद्धाचाच भाग आहे. पण भुकेवर पोवाडा रचणे कठीण असते.

युद्धसाहित्य हीच राहून गेलेली बाजू सांगते.

महाभारताने हे आधीच सांगितले आहे

हे साहित्य पश्चिमेकडून आले असा काहींचा समज आहे. तो बरोबर नाही. महाभारताची अठरा पर्वे आहेत आणि युद्ध संपल्यावरही कथा संपत नाही. सौप्तिक पर्वात अश्वत्थामा रात्री पांडवांच्या छावणीत शिरतो आणि झोपलेल्या माणसांची कत्तल करतो. त्यानंतर स्त्रीपर्व येते. गांधारीला दिव्य दृष्टीने रणभूमी दिसते. आपापल्या माणसांचे देह शोधणाऱ्या स्त्रिया तिला दिसतात. कुणाला नुसते धड सापडते, कुणाला नुसते मस्तक. कोल्हे आणि गिधाडे आधीच येऊन पोचलेली असतात. अठरा अक्षौहिणी सैन्य लढले. अखेरीस पांडवांच्या बाजूचे सात आणि कौरवांच्या बाजूचे तीन एवढेच प्रमुख वीर उरले. धर्मयुद्ध म्हणविलेल्या युद्धाचा हा हिशेब व्यासांनी लपविला नाही.

हिंदीत डॉ. धर्मवीर भारतींनी याच अठराव्या दिवसाच्या संध्याकाळपासून 'अंधा युग' हे काव्यनाटक सुरू केले. ते १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. फाळणीच्या कत्तली तेव्हा जुन्या झाल्या नव्हत्या. या नाटकात एक मुका सैनिक येतो. तो कौरवांकडून लढला आहे, युयुत्सूच्या बाणांनी त्याचे पाय भाजून निकामी झाले आहेत आणि तो सरपटत पाणी मागत आहे. त्याला पाणी पाजायला योगायोगाने युयुत्सूच पुढे होतो. पाणी देणाऱ्याचा चेहरा ओळखताच तो सैनिक भयाने दूर सरकू लागतो. भारतींनी या सैनिकाला नाव दिले नाही आणि वाचाही दिली नाही. राजांची संभाषणे हजारो वर्षे टिकली, पण साध्या शिपायाला बोलायला जागाच नव्हती. हे सारे त्या एका मुक्या पात्रात आले आहे.

१९१४ नंतर काय बदलले

साध्या शिपायाला वाचा मिळाली ती मुख्यतः पहिल्या महायुद्धात, म्हणजे १९१४ ते १९१८ या काळात. त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण यंत्रांचे. मशिनगन, लांब पल्ल्याच्या तोफा, काटेरी तारा आणि विषारी वायू यांनी लढाईचे रूपच पालटले. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला. चार दिवसांनी त्याच भागात चढाई करणाऱ्या हिंदी सैनिकांच्या लाहोर डिव्हिजनलाही या वायूला तोंड द्यावे लागले. १ जुलै १९१६ रोजी फ्रान्समधील सोम नदीच्या लढाईत पहिल्या एकाच दिवशी ब्रिटिश सैन्याचे सुमारे ५७ हजार सैनिक मेले, जखमी झाले वा बेपत्ता झाले. त्यांपैकी १९ हजारांहून अधिक मृत्युमुखी पडले. त्यांतल्या पुष्कळांना मारणारा दिसलाही नाही. अशा मृत्यूत तलवारबाजीचे कौशल्य किंवा समोरासमोरचे द्वंद्व कुठून येणार? वीरकाव्याची जुनी भाषा येथे अपुरी पडली.

दुसरे कारण शाळांचे आहे, आणि आपल्याला ते विशेष जवळचे वाटावे. युरोपात तोवर सक्तीचे प्राथमिक शिक्षण रुजले होते. म्हणून खंदकात बसलेल्या सामान्य शिपायालाही लिहिता-वाचता येत होते. त्याने पत्रे लिहिली, रोजनिशी ठेवली, कविता केल्या आणि वाचला तर पुढे कादंबरी लिहिली. पूर्वी युद्धावर दरबारी कवी लिहीत, आता लढणारेच लिहू लागले.

एक कादंबरी आणि एक शिक्षक

या साहित्यातले सर्वांत गाजलेले पुस्तक म्हणजे एरिख मारिया रेमार्क या जर्मन लेखकाचे 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट'. रेमार्क यांचा जन्म १८९८ चा. शिक्षक होण्याचे प्रशिक्षण घेत असताना, वयाच्या अठराव्या वर्षी त्यांना सैन्यात बोलावणे आले. जुलै १९१७ मध्ये तोफगोळ्याचे तुकडे लागून ते जखमी झाले आणि पुढचा बराच काळ त्यांनी इस्पितळात काढला. युद्धानंतर काही काळ त्यांनी प्राथमिक शाळेत शिकविलेही. कादंबरी १९२९ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि दीड वर्षात वीसहून अधिक भाषांत मिळून तिच्या सुमारे पंचवीस लाख प्रती खपल्या.

कथानायक पाऊल बॉयमर हा शाळकरी मुलगा. त्याच्या वर्गाचे शिक्षक कांटोरेक यांनी देशभक्तीवर भाषणे देऊन देऊन सगळ्या वर्गाला भरती करविले. बेम नावाच्या एका मुलाची इच्छा नव्हती. पण भित्रा म्हणवून घ्यायची लाज वाटून तोही गेला आणि सर्वांत आधी मरणाऱ्यांत तोच होता. मला एक प्राचार्य म्हणून या कादंबरीचा हा भाग सर्वांत जास्त बोचतो. कांटोरेक दुष्ट नाही. तो आपल्या समजुतीप्रमाणे कर्तव्यच करीत होता. पण ज्याची किंमत स्वतः मोजली नाही आणि जिचा अंदाजही नाही, ती किंमत त्याने दुसऱ्यांच्या मुलांना मोजायला लावली. प्रत्येक शिक्षकाने हे पात्र एकदा तरी वाचावे.

आता भीषणता दाखविण्याची रेमार्कची रीत पाहा. तो मोठमोठी विशेषणे वापरत नाही. तो एका बुटांच्या जोडीची गोष्ट सांगतो. केमेरिख नावाचा मित्र इस्पितळात मरणपंथाला लागला आहे, त्याचा पाय कापला आहे. त्याचे उत्तम कातडी बूट आता त्याच्या उपयोगाचे नाहीत, म्हणून म्युलर नावाचा दुसरा मित्र त्यांवर डोळा ठेवून असतो. म्युलर निर्दय नाही. चांगले बूट नसले की पाय सडतो, हे त्याला माहीत आहे. पुढे म्युलर मरतो आणि तेच बूट पाऊलकडे येतात. बूट टिकतात, माणसे टिकत नाहीत. ही साधी गोष्ट वाचताना अंगावर काटा येतो, तो दहा पाने रक्ताची वर्णने वाचून येणार नाही.

दुसरा प्रसंग असाच. गोळ्याने पडलेल्या एका खड्ड्यात पाऊल लपला आहे. एक फ्रेंच सैनिक त्यात येऊन पडतो आणि भीतीच्या भरात पाऊल त्याला भोसकतो. तो माणूस लगेच मरत नाही. कित्येक तास पाऊलला त्याच्याजवळच बसून राहावे लागते. तो त्याला पाणी पाजतो, जखम बांधण्याची धडपड करतो. माणूस मेल्यावर त्याच्या खिशातल्या पाकिटात पत्नीचे आणि मुलीचे फोटो निघतात. तो छापखान्यात काम करणारा होता हे कळते. तोवर 'शत्रू' असलेला माणूस त्या क्षणापासून कुणाचा तरी बाप होतो.

तिसरा प्रसंग रणांगणावरचा नाही. पाऊल रजेवर घरी येतो. आजारी आई विचारते, तिकडे फार वाईट आहे का रे? तो खोटे सांगतो. केमेरिखच्या आईलाही तो सांगतो की तुमचा मुलगा तत्काळ गेला, त्याला काही कळले नाही. आपल्या खोलीतली पुस्तके तो हातात घेतो, पण वाचू शकत नाही. ज्या घरासाठी लढायचे त्याच घरात तो परका होतो. सैनिकाच्या वाट्याला येणारी ही भीषणता कुठल्याही तोफेपेक्षा कमी नाही.

मनाची जखम

इंग्रज कवी विल्फ्रेड ओवेन याची कहाणी या संदर्भात जाणून घेण्यासारखी आहे. खंदकातल्या अनुभवांनी त्याचे मन कोलमडले आणि १९१७ मध्ये त्याला एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट येथील लष्करी इस्पितळात पाठविण्यात आले. तिथे सिगफ्रिड ससून हा दुसरा सैनिक-कवी त्याला भेटला आणि त्याच्या कवितेला दिशा मिळाली. वायुहल्ल्यावरची त्याची कविता जगभर शिकविली जाते. एका सैनिकाला मुखवटा वेळेवर चढविता येत नाही आणि बाकीचे त्याला गुदमरताना पाहतात, एवढाच तिचा विषय. देशासाठी मरणे गोड असते, या अर्थाच्या प्राचीन लॅटिन वचनावरून त्याने कवितेचे नाव ठेवले आणि ते वचन मुलांना किती बिनदिक्कत ऐकविले जाते, हा प्रश्न वाचणाऱ्यांपुढे टाकला.

ओवेन बरा झाल्यावर पुन्हा आघाडीवर गेला. त्याला शौर्याबद्दल मिलिटरी क्रॉस मिळाला. ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, म्हणजे युद्ध संपायला अवघा एक आठवडा असताना, तो मारला गेला. त्याचे वय होते पंचवीस. घरी तार पोचली ती ११ नोव्हेंबरला, युद्धविरामाच्या दिवशी. पुढे १९२० मध्ये त्याच्या आईने रवींद्रनाथ ठाकुरांना पत्र लिहिले. मुलाने शेवटचा निरोप घेताना रवींद्रनाथांच्या ओळी म्हटल्या होत्या आणि त्याच्या वहीत त्या लिहिलेल्या सापडल्या, असे तिने कळविले. खंदकातल्या इंग्रज तरुणाला धीर द्यायला एका भारतीय कवीचे शब्द उपयोगी पडले होते.

या मनाच्या जखमेला तेव्हा 'शेल शॉक' म्हणत. १९१५ मध्ये हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात प्रथम आला. हात थरथरणे, वाचा जाणे, झोप न लागणे, दचकून ओरडणे ही त्याची लक्षणे. पुष्कळ अधिकाऱ्यांना हा निव्वळ भित्रेपणा वाटे. पळून जाणे, भ्याडपणा अशा आरोपांवरून ब्रिटिश सैन्याने आपल्याच शेकडो सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांतील ३०६ जणांना ब्रिटनने २००६ मध्ये, म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षांनी, मरणोत्तर क्षमा दिली. या विकाराला वैद्यकशास्त्रात आजचे अधिकृत नाव मिळाले ते १९८० मध्ये. साहित्यिकांनी मात्र तो साठ वर्षे आधीच हुबेहूब वर्णिला होता. सैनिकाचे हे दुखणे खरे आहे हे समाजाला पटविण्यात अशा लेखनाचा वाटा मोठा आहे.

आपला शिपाई

पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक भारतीय समुद्रापार गेले आणि सुमारे ७४ हजार परत आले नाहीत. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत येथे वेढ्यात सापडलेल्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणीही होत्या. डिसेंबर १९१५ पासून जवळजवळ पाच महिने उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी हे सैन्य शरण गेले. पानिपताच्या छावणीची आठवण व्हावी असेच हे हाल होते. पण त्या मराठा शिपायांनी लिहिलेली कादंबरी आपल्याकडे नाही. कारण सरळ आहे, त्यांतल्या बहुतेकांच्या गावात शाळाच नव्हती.

फ्रान्समधून हिंदी सैनिक घरी पत्रे लिहीत वा लिहवून घेत. ती सेन्सॉरच्या कचेरीत तपासली जात. म्हणून त्यांनी युक्ती काढली. गोऱ्या पलटणींना 'लाल मिरची' आणि हिंदी पलटणींना 'काळी मिरी' म्हणायचे, आणि मग काळी मिरी किती संपली ते कळवायचे. पानिपताची पहिली बातमी पेशव्यांना मोती आणि मोहरांच्या सांकेतिक भाषेत पोचली असे सांगतात, त्याची येथे आठवण होते. पराभव असो वा सेन्सॉर, दुःख उघड सांगता आले नाही की माणूस बाजारातले शब्द उसने घेतो.

माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. त्यामुळे चंद्रधर शर्मा गुलेरींची 'उसने कहा था' ही कथा मला लवकर भेटली. ती १९१५ मध्ये 'सरस्वती' मासिकात छापून आली तेव्हा युद्ध चालूच होते. कथा थोडक्यात अशी. अमृतसरच्या बाजारात लहानपणी भेटलेली मुलगी पुढे सुभेदाराची पत्नी होते आणि जमादार लहनासिंगाला सांगते की माझा नवरा आणि मुलगा दोघे लढाईवर चालले आहेत, त्यांना सांभाळ. परदेशातल्या खंदकात कडाक्याची थंडी, पायाखाली चिखलपाणी. लहनासिंग आपले पांघरूण आणि जर्सी आजारी बोधासिंगाला देतो. चकमकीत स्वतःला लागलेली जखम लपवून बापलेकांना गाडीत बसवून पाठवितो आणि मागे राहून मरतो.

आता या कथेचा शेवट आणि रेमार्कच्या कादंबरीचा शेवट शेजारी ठेवून पाहा. गुलेरींची कथा वर्तमानपत्रात छापलेल्या मृतांच्या यादीतील एका नोंदीने संपते. त्यात पलटण आहे, हुद्दा आहे, नाव आहे, पण त्याने काय केले आणि कोणासाठी केले ते नाही. रेमार्कचा पाऊल ऑक्टोबर १९१८ मध्ये मरतो, आणि त्या दिवशी आघाडी इतकी शांत असते की सैन्याच्या अहवालात कळविण्यासारखे काही नसते. कादंबरीचे नाव त्या अहवालावरूनच आले आहे. एक लेखक भारतीय, दुसरा जर्मन. एक कधी आघाडीवर गेला नाही, दुसरा तिथे जखमी झाला. एकाचा नायक इंग्रजांकडून लढतो, दुसऱ्याचा त्यांच्याविरुद्ध. दोघांनी एकमेकांना वाचल्याचे दिसत नाही. तरी दोघे एकाच जागी पोचले. सरकारी ओळ आणि जिवंत माणूस यांच्यात केवढे अंतर असते, ते दाखविणे हेच युद्धसाहित्याचे मुख्य काम आहे.

जो शिपाई नव्हता त्याचे युद्ध

मराठीत हे काम एका भिक्षुकाने केले. कोकणातील वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये दक्षिणा मिळविण्यासाठी उत्तरेकडे निघाले आणि नेमके बंडाच्या धामधुमीत सापडले. १८५८ मध्ये सर ह्यू रोजच्या फौजेने झाशीला वेढा घातला तेव्हा ते झाशीतच होते. तोफांचे गोळे, शहर पडल्यानंतरची कत्तल आणि लूट, लपून बसलेल्या माणसांची तहान आणि भूक, जळालेला ग्रंथसंग्रह हे सारे त्यांनी आपल्या साध्या, घरगुती भाषेत लिहून ठेवले. 'माझा प्रवास' हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९०७ मध्ये भारताचार्य चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केले. आपल्या झाशी-ग्वाल्हेरच्या मुलखातले हे पुस्तक आहे. राणी लक्ष्मीबाईंचे समाधिस्थळ शाळेच्या सहलीत आपण दरवर्षी पाहतो. त्या समाधीमागे केवढा आकांत होता, ते या पुस्तकावाचून कळत नाही.

विद्यार्थिनींसाठी आणखी एक नाव सांगतो. बेलारूसच्या स्वेतलाना अलेक्सिएविच यांनी दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या शेकडो सोव्हिएत स्त्रियांना भेटून त्यांच्या आठवणी संकलित केल्या. नेमबाज, वैमानिक, परिचारिका, रणगाडे चालविणाऱ्या अशा या स्त्रिया होत्या. पुस्तक १९८५ मध्ये आले, आणि २०१५ मध्ये लेखिकेला नोबेल पुरस्कार मिळाला. युद्धानंतर यांतल्या अनेकींनी आपली पदके लपवून ठेवली होती, कारण आघाडीवरून परतलेल्या स्त्रीकडे समाज संशयाने पाही. आपल्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ पासून मुलींच्या तुकड्याही दाखल होत आहेत. तेव्हा हा विषय फक्त मुलांचा राहिलेला नाही.

मग आदर कमी होतो काय?

आता दुसऱ्या शंकेकडे वळू. रेमार्कवर नेमका हाच आरोप झाला. कादंबरीवरील चित्रपट डिसेंबर १९३० मध्ये बर्लिनमध्ये दाखविला गेला तेव्हा नाझींनी चित्रपटगृहात पांढरे उंदीर सोडून गोंधळ घातला आणि लवकरच चित्रपटावर बंदी आली. मे १९३३ मध्ये पुस्तकाची होळी झाली. १९३८ मध्ये लेखकाचे नागरिकत्व काढून घेतले गेले. सैनिकांचा अपमान होतो असे ज्यांनी म्हटले, त्यांनीच पुढे सहा वर्षांच्या युद्धात लक्षावधी जर्मन तरुणांना मरणाच्या दारी धाडले. सैनिकाची खरी कदर कोणाला होती, हे इतिहासाने दाखवून दिले.

तरीही दुसरी बाजू मांडली पाहिजे. भीषण वर्णन केले म्हणजे लेखक युद्धविरोधीच असतो असे नाही. अर्न्स्ट युंगर हा जर्मन अधिकारी अनेकदा जखमी झाला. त्याचे १९२० मधले पुस्तक त्याच खंदकांचे तितकेच भीषण चित्र काढते, पण युद्धाचा धिक्कार करीत नाही. त्याला त्यात माणसाच्या कणखरपणाची कसोटी दिसते. म्हणून एकच पुस्तक वाचून मत बनवू नये. आणि हेही खरे की, लक्षावधी लोकांनी रेमार्क वाचला तरी दहा वर्षांनी दुसरे महायुद्ध झालेच. पुस्तके युद्ध थांबवीत नाहीत.

मग ती काय करतात? माझ्या मते ती आदराला डोळे देतात. न समजता केलेला आदर २६ जानेवारीच्या संचलनापुरता टिकतो. ज्याने गुलेरी वाचला आहे, त्याला सियाचिनवरच्या शिपायाची थंडी थोडी तरी कळते. आणि जो विद्यार्थी हे सर्व वाचूनही सैन्यात जाण्याचे ठरवील, त्याचा निर्णय डोळस असेल. तो पुढे अधिकारी झाला, तर आपल्या हाताखालच्या थरथरणाऱ्या जवानाला भित्रा म्हणणार नाही. आपल्या शाळेतून असा एक अधिकारी निघाला तरी हा कप्पा सार्थकी लागला असे मी समजेन.

वाचावे कसे

पहिल्या शंकेचे उत्तर वयाप्रमाणे पुस्तक निवडण्यात आहे. इयत्ता आठवी-नववीसाठी गुलेरींची कथा आणि 'माझा प्रवास'मधील निवडक भाग शिक्षकांनी वर्गात वाचून दाखवावेत. दहावीनंतर 'अंधा युग' आणि ओवेनच्या कविता. रेमार्क अकरावी-बारावीसाठी, आणि शक्यतो घरातल्या मोठ्या माणसाने तो सोबत वाचावा. आठवीखालील मुलांना हा कप्पा खुला राहणार नाही. वाचून मुलगा अस्वस्थ झाला तर पुस्तक काढून घेऊ नये, त्याच्याशी बोलावे.

वाचताना विद्यार्थ्यांनी पाच प्रश्न वहीत लिहून ठेवावेत. लिहिणारा स्वतः रणावर होता काय? तो लढत असताना लिहितो की पुष्कळ वर्षांनी? तो कोणाच्या बाजूने लढला, आणि समोरच्याला माणूस मानतो काय? काय सांगायचे तो टाळतो? आणि शेवट कुणाच्या तोंडी आहे, माणसाच्या की सरकारी कागदाच्या? एवढे केले तरी पुस्तक निम्मे समजले.

पालकांना एक विनंती. आपल्या नात्यात, शेजारात कोणी माजी सैनिक असतील, तर मुलांना त्यांच्याकडे जरूर पाठवा. पण 'तुम्ही किती मारले?' हा प्रश्न मुलांनी विचारू नये. जेवण काय मिळे, थंडीत काय करीत, घरची पत्रे कधी येत, मित्र कोण होते, असे विचारावे. ते बोलले तर ऐकावे. गप्प राहिले तर त्या गप्प राहण्याचाही मान ठेवावा. या साहित्याने आणखी काही नाही तरी एवढे ऐकून घेणे आपल्याला शिकविले, तर पुष्कळ झाले.

विश्वस्त मंडळाने यादीवर आपला अभिप्राय कळवावा, ही विनंती. पालकांच्या सूचनांचेही स्वागत आहे.

— प्राचार्य